सोलापूरवर पीएचडी करताय? मग पुण्याची गोखले इन्स्टिट्यूटची लायब्ररी आधी बघून या

पाचपैकी पाच. का ते जरा सविस्तर लिहितो, कारण दीड वर्षापूर्वी हे मला कुणी सांगितलं असतं तर माझे बारा हजार रुपये आणि अख्खा एक उन्हाळा वाचला असता.

मी सोलापूरचाच, घर दत्त नगरला. इकॉनॉमिक्समध्ये एमए झालं, सध्या एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबानं, शिकवतो आणि आपल्या केगावच्या विद्यापीठात पीएचडीला नाव आहे. विषय यंत्रमाग कामगाराच्या घरातली कमाई, म्हणजे नवरा मागावर किती मिळवतो, बायको विड्या वळून किती आणते, आणि दोघांचं मिळून महिन्याचं भाडं, रेशन, दवाखाना कसं भागतं. विषय शोधायला लांब जावं लागलं नाही, वडील चादरीच्या कारखान्यात होते, आई अजून विड्या वळते, पान कापायच्या कात्रीचा आवाज ऐकतच मी अभ्यास केलाय.

आधी वाईट अनुभव सांगतो म्हणजे पाच स्टार का ते कळेल. दुसरं प्रकरण म्हणजे पूर्वसंशोधनाचा आढावा, तिथं मी अडकलो होतो. कॉलेजचे तास, घरची कामं, वेळ नव्हता, आणि ओळखीतल्या एकानं सांगितलं की थीसिस गायडन्स करणारे आहेत, टायपिंग, बायंडिंग, एसपीएसएस (आकडेवारीचं सॉफ्टवेअर), सगळं एकाच ठिकाणी होतं. नाव लिहीत नाही. बारा हजार दिले, दीड महिन्यानं ४६ पानं हातात आली, दिसायला एकदम झकास, तक्ते, बार चार्ट, सगळं. माझ्या पीएचडीच्या गाइड सरांनी आधी सॉफ्टवेअरला टाकून बघितलं तर ४१ टक्के मजकूर दुसरीकडून उचललेला. यूजीसीचा २०१८ चा नियम आहे, १० टक्क्यांपर्यंत चालतं, १० ते ४० मध्ये आलात तर सहा महिन्यांत दुरुस्त करून परत द्यायचं, ४० च्या वर गेलात तर वर्षभर सबमिटच करता येत नाही आणि ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. माझा कच्चा मसुदा होता म्हणून वाचलो. पण टक्केवारीपेक्षा मला दुसरीच गोष्ट लागली. एका तक्त्यात मालेगावच्या जागी सोलापूर टाकलेलं होतं, आकडे तेच, फक्त गावाचं नाव बदललेलं! मी ज्या गल्लीत राहतो तिथल्या माणसांची मजुरी म्हणून मालेगावची मजुरी छापून दिली होती. ते बघून पोटात कालवलं, कारण मी लक्ष दिलं नसतं तर ते तसंच शोधगंगेवर, म्हणजे थीसिस ऑनलाइन ठेवतात त्या साइटवर, जाऊन बसलं असतं आणि पुढं कुणीतरी तेच खरं म्हणून परत उचललं असतं.

सर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, तुमच्या गावाचा अभ्यास तुम्ही जन्मायच्या कितीतरी आधी गोखलेवाल्यांनी केलाय, तो वाचलाय का? मी म्हटलं नाही सर. मग आधी तो वाचा आणि मग माझ्याकडे या.

सुरुवात घरूनच केली. गोखले इन्स्टिट्यूट म्हणजे पुण्यातली अर्थशास्त्राची संशोधन संस्था, तिच्या लायब्ररीचं नाव धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय, आणि त्यांनी जुनी बरीच पुस्तकं, अहवाल स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेत, कुणालाही बघता येतात, पैसे नाहीत. इथं एक टिप देतो जी मला कुणी दिली नाही. सर्च करताना आपण सोलापूर जसं लिहितो तसं इंग्रजीत टाकलं की जुनं साहित्य हाती लागत नाही. इंग्रजांच्या काळात एस नंतर एच लावून शोलापूर लिहायचे, ते स्पेलिंग टाका. तसंच पुण्याचं जुनं स्पेलिंग, मुंबई इलाख्याचं जुनं नाव, सगळं जुन्या पद्धतीनं टाकून बघा. मला हे कळायला दोन रात्री लागल्या आणि तिसऱ्या रात्री साडेबाराच्या सुमाराला समोर आलं ते आर. जी. काकडे यांचं सोलापुरातल्या विणकर समाजांच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचं पुस्तक, इन्स्टिट्यूटनंच काढलेलं, साल १९४७. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी आमच्यासारख्या घरांच्या कुटुंबाची, कमाईची, कर्जाची पाहणी छापून तयार होती! मी दहा वर्षं इकॉनॉमिक्स शिकतोय-शिकवतोय आणि हे पुस्तक आहे हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अव्वाला सांगितलं. अव्वा म्हणजे आमची आज्जी, घरात तेलुगू बोलतो आम्ही, मूळ तेलंगणातले, आमच्या पद्मशाली (विणकर समाज) लोकांची सोलापुरात बहुतेक सगळ्यांची तीच कहाणी आहे. ती ऐंशीच्या पुढं गेलीय पण कान अजून तल्लख. लॅपटॉप घेऊन तिच्या खाटेजवळ बसलो आणि जमेल तसं तेलुगूत करून वाचून दाखवलं. तिनं बराच वेळ ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, कांड्या भरणाऱ्या बाईचे किती लिहिलेत? ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, धोट्यात, म्हणजे मागावर सूत इकडून तिकडं नेतो त्यात, जी कांडी बसते तिच्यावर सूत गुंडाळून द्यावं लागतं, हातमागाच्या घरात हे काम बायका-पोरं करायची, विणणारा पुरुष मागावर बसायचा आणि पैसे कापडाचे यायचे, म्हणजे त्याच्या नावावर. अव्वा म्हणाली माझ्या सासूनं आयुष्यभर कांड्या भरल्या, तिच्या हातात कधी पैसा आला नाही.

हा प्रश्न मला कुठल्याच सेमिनारमध्ये कुणी विचारला नव्हता. आणि तो आजही तसाच आहे. सरकारचा जो श्रमबळाचा सर्व्हे असतो, पीएलएफएस, त्यात माणूस काय काम करतो त्याला कोड असतात. घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणाऱ्याला २१ नंबर, आणि फक्त घरकाम करणाऱ्याला ९२. २१ आला की ती बाई कामकरी म्हणून मोजली जाते, ९२ आला की ती कामगारांतच धरली जात नाही. आता तुम्ही आमच्या गल्लीत येऊन एखाद्या मावशीला विचारा, काय करता, ती म्हणणार काय नाही ओ, घरीच असते. हात तेव्हाही सुपात चालू असतात, विडीचं पान कापणं चालू असतं. प्रश्न विचारणारा घाईत असला तर ९२ लिहून पुढच्या दारात जाईल. सगळा खेळ प्रश्न कसा विचारता त्यावर आहे. मी माझ्या प्रश्नावलीत काम करता का हा प्रश्न काढला आणि सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत तासातासाला काय केलं ते लिहून घ्यायला लागलो. एका घराला पाऊण तास लागतो, पण उत्तरं वेगळीच येतात.

मग प्रत्यक्ष लायब्ररीला गेलो. सकाळची साडेसहाची हुतात्मा एक्सप्रेस पकडली, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. गाडीत बसल्यावर लक्षात आलं ते सांगतो, कारण मला ते फार जवळचं वाटलं. गाडीचं नाव ज्यांच्यावरून आहे ते आपले चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेले. त्याच्या आधी मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला होता. आणि गोखले इन्स्टिट्यूट स्थापन झाली ती ६ जून १९३० ला! एका गावात रस्त्यावर लष्कर आणि त्याच उन्हाळ्यात अडीचशे किलोमीटरवर काही माणसं ठरवतायत की देशाच्या पैशापाण्याचा अभ्यास आपणच बसून करायचा, इंग्रजांच्या अहवालावर किती दिवस जगायचं. आणि पुढं हीच माणसं सोलापूरच्या पेठांत पाहणी करायला आली.

इन्स्टिट्यूटसाठी पैसे दिले साताऱ्याच्या रावबहादूर आर. आर. काळे यांनी, भारत सेवक समाजाकडे देणगी दिली, म्हणजे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये काढलेली संस्था. लायब्ररीची सुरुवातही तिथलीच, १९०५ ची. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ, १९३० पासून १९६६ पर्यंत, ३६ वर्षं. आपल्याकडं स्पर्धा परीक्षेची पोरं गाडगीळ फॉर्म्युला पाठ करतात, राज्यांना केंद्राचा पैसा कसा वाटायचा त्याचा, पण सोलापूर शहरावर त्यांचं अख्खं पुस्तक आहे हे कुणाला विचारलं तर माहीत नसतं. १९६५ चं आहे. काळ्यांच्या नावानं व्याख्यानं होतात, त्यात २९ जानेवारी १९३९ ला बाबासाहेबांनी संघराज्य या विषयावर भाषण केलं होतं. आणि १९७१ ला दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी दारिद्र्यावरचा अभ्यास मांडला तोही इथलाच, त्यात १९६०-६१ च्या किमतीनं खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये एवढा खर्च धरून दारिद्र्यरेषा काढली होती. साडेबावीस रुपये. हा आकडा मी एमएला दोनदा पेपरात लिहिलाय, पण ते साडेबावीस कुठल्या घरातले, कोणत्या बाजारातले असा विचार मी पहिल्यांदा तिथल्या टेबलावर बसून केला.

जागा डेक्कनला, बीएमसीसी रोडवर. स्टेशनपासून बसनं गेलो. झाडं भरपूर, पुण्याच्या मध्यात असूनही आवाज नाही. कॉलेजचं पत्र, सरांचं पत्र, आयकार्ड, आधारची झेरॉक्स, सगळं नेलं होतं. तुम्ही पण न्या आणि जायच्या आधी फोन करून वेळ आणि बाहेरच्यांसाठीचे नियम विचारून घ्या, सुट्टी असली तर सोलापूरहून केलेली फेरी वाया जायला नको.

काउंटरवरच्या ताईंना मी विषय सांगितला. मला वाटलं होतं कॉम्प्युटरकडे बोट दाखवतील, पण त्यांनी विचारलं, तुम्हाला गिरण्या पाहिजेत, हातमाग पाहिजे का कामगारांची घरं? या एका प्रश्नानं माझं अर्धं काम झालं. कारण मी सगळंच पाहिजे म्हणून गेलो होतो आणि तिथं सगळं मागितलं की तुम्ही बुडता, अडीच लाखाच्या वर पुस्तकं आहेत. मग टेबलावर गाडगिळांचं १९६५ चं आलं, १८८४ चं सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटियर आलं, जुन्या जनगणनेचे खंड आले. जुन्या कागदाचा वास, कडा पिवळ्या पडलेल्या, पान उलटताना हात आपोआप हळू होतो. दुपारी भाकरी खायला बाहेर आलो तेवढंच, बाकी संध्याकाळपर्यंत उठलो नाही.

एक अडचण सगळ्यांना येईल म्हणून सांगून ठेवतो. जुने आकडे रुपये-आणे-पै मध्ये असतात. १६ आण्यांचा रुपया, १२ पैचा आणा, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. कुठं ५ आणे ४ पै दिसलं की ६४ पै, म्हणजे बरोबर रुपयाचा तिसरा हिस्सा. एक्सेलमध्ये तीन कॉलम करा आणि चौथ्यात सगळ्याचे पै करून घ्या, नाहीतर बेरीज चुकते, माझी पहिली बेरीज चुकलीच. दशमान पैसे १९५७ च्या एप्रिलपासून आले, त्यामुळं त्या वर्षाच्या आजूबाजूच्या कागदात जास्त सांभाळा.

मजुरी तेव्हाची आणि आजची नुसती शेजारी ठेवून भागत नाही, महागाईनं भाग द्यावा लागतो. इथं आपण सोलापूरवाले नशीबवान आहोत, औद्योगिक कामगारांचा जो किंमत निर्देशांक लेबर ब्युरो काढतं त्यात महाराष्ट्रातली मोजकीच शहरं आहेत आणि त्यात सोलापूर आहे, आत्ताचा २०१६ च्या पायाचा, म्हणजे २०१६ च्या किमती १०० धरून काढलेला. म्हणजे आपल्या कामगारासाठी मुंबईचा आकडा वापरायची गरज नाही. त्या बारा हजारवाल्यांनी अख्ख्या भारताचा वापरला होता.

आणखी एक, हे लायब्ररीत बसून विचार केल्यावर कळलं. जुनी पाहणी हातमागवाल्यांची, माझा कामगार यंत्रमागावरचा. तेव्हा घरातच माग असायचा, घर तेच दुकान, आत्ता माणूस शिफ्टला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जातो आणि घरात राहते ती विडी. त्यामुळं १९४७ चा आकडा आणि माझा आकडा यांची सरळ तुलना केली तर ती चुकीची होईल. सरांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले, म्हणाले हे लिहा, हेच तुमचं दुसरं प्रकरण. आता ते मी स्वतः लिहितोय. रोज दोन पानं होतात, कधी अर्धंच होतं.

खर्च म्हणाल तर रेल्वे, पुण्यातली बस, चहा, थोड्या झेरॉक्स धरून हजाराच्या आत भागलं. एका दिवसात होईल असं समजू नका, माझ्या आत्तापर्यंत तीन फेऱ्या झाल्या आणि पहिली तर कुठं काय आहे हे कळण्यातच गेली. यादी करून जा, पुस्तकाचं नाव, साल, लेखक. इंग्रजी वाचायची तयारी ठेवा, जुनं काम जवळपास सगळं इंग्रजीत आहे, मी डिक्शनरी घेऊन बसलो होतो आणि त्यात लाजायचं काही कारण नाही. स्कॅन केलेली पुस्तकं मोबाईलवर वाचू नका, डोळे जातात, लागतील तेवढी पानं सात रस्त्याला किंवा जवळ जिथं स्वस्त पडेल तिथं प्रिंट मारून घ्या. ज्यांना फक्त ताजे आकडे पाहिजेत त्यांनी एवढ्या लांब जायची गरज नाही, पीएलएफएसचा कच्चा डेटा सरकार फुकट देतं, रिझर्व्ह बँकेचा डेटाबेस फुकट आहे, शोधगंगेवर थीसिस फुकट आहेत, घरी बसून होतं. पण विषय सोलापूर असेल, गिरणी, माग, विडी, कामगारवस्ती यातलं काहीही, तर एकदा जावंच लागतं.

मला वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. आमच्या बॅचला सोलापूरवर काम करणारे सात-आठ जण आहेत आणि आम्ही सगळे एकमेकांच्या थीसिसमधून सोलापूरची माहिती उचलतो, चादर आणि टॉवेलला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, सोलापूर गिरण्यांचं गाव होतं, हीच चार वाक्यं फिरत राहतात. मूळ कागदाला कुणी हात लावत नाही. त्या कागदात कुणाच्या तरी आज्ज्याच्या दारात उभं राहून लिहून घेतलेली कमाई आहे, कर्ज आहे, आणि त्या दारात आत्ता आपण राहतो.

चौथी फेरी दिवाळीनंतर करणार आहे, या वेळी फक्त जुनी मिल, म्हणजे सोलापूरची जुनी कापड गिरणी. १८७७ ची मिल, १९४९ च्या ऑगस्टमध्ये बंद पडली, जानेवारी १९५० मध्ये सरकारनं वटहुकूम काढून ताबा घेतला, त्यावर एक भागधारक सुप्रीम कोर्टात गेला आणि तो निकाल कायद्याच्या पुस्तकात आजही शिकवतात. भागधारकाचं काय झालं ते लिहिलेलं सापडतं. अव्वाचे सासरे तेव्हा जुन्या मिलमध्ये होते. गिरणी बंद असलेल्या त्या पाच महिन्यांत घरात पैसा कुठून आला असं तिला विचारलं तर म्हणाली सासूबाई कांड्या भरायच्याच की, शेजारच्या मागवाल्याच्या, तेव्हा मात्र पैसे घ्यायच्या. किती घ्यायच्या ते तिला सांगता येत नाही, ती तेव्हा लहान होती, आपल्या माहेरी. त्या वर्षांतली कांडी भरायची मजुरी कुठल्या तक्त्यात लिहिलेली आहे का, ते बघून यायचंय.